सिनेमा विकत घेतला, पण हातात काय आलं?

आखातातून सुट्टीला आलेला भाऊ बॅगेतून पाच-सहा डीव्हीडी काढतो आणि गोव्यात फोंड्याच्या घरातल्या प्लेअरवर त्यातली एकही चालत नाही. डिस्क कोरी करकरीत, प्लेअर धडधाकट, पडद्यावर मात्र रिजन चुकीचा असल्याची एक ओळ. त्याच घरातली मुलगी फोनवर ४९० रुपये भरून सिनेमा ‘विकत’ घेते, पुढे शिकायला लिस्बनला जाते, अकाउंटचा देश बदलते आणि तो सिनेमा तिच्या यादीत दिसेनासा होतो. पैसे दोघांनीही मोजले. गाडी अडली ती दोन निरनिराळ्या ठिकाणी. ती ठिकाणं नीट कळली की कुठला सिनेमा डिस्कवर घ्यायचा आणि कुठला नुसता भाड्याने बघायचा, हे ठरवायला वेळ लागत नाही.

डिस्क विकत घेतली की प्लास्टिकची ती चकती तुमची होते. सिनेमाचे हक्क निर्मात्याकडेच राहतात, म्हणून चवथीच्या दिवसांत मंडपात पडदा लावून ती गावाला दाखवता येत नाही, भाड्याने देण्याचा धंदाही करता येत नाही. पण घरी शंभर वेळा बघा, शेजाऱ्याला द्या, भाचीला देऊन टाका, कोणाला विचारायला नको. विकणारा राहिला काय, गेला काय, डिस्कला फरक पडत नाही. मोझर बेअर कंपनीने एके काळी २८ रुपयांत व्हीसीडी आणि ३४ रुपयांत डीव्हीडी विकून सगळा बाजार ढवळून काढला होता. २०१८ मध्ये ती कंपनी दिवाळखोरीत निघाली. तिच्या डिस्क ज्यांनी नीट ठेवल्या त्यांच्याकडे आजही चालतात.

डिजिटल दुकानात ‘बाय’ बटण दाबल्यावर मिळते ती परवानगी. कंपनीच्या वहीत तुमच्या नावापुढे एक नोंद होते, एवढंच. दुकानाचाही सिनेमा स्वतःचा नसतो. त्याचा करार स्टुडिओशी, तुमचा करार दुकानाशी, म्हणजे कुळाने पोटकूळ ठेवावं तसा मामला. वरचा करार तुटला की खालच्याचं काय, हे तुम्ही न वाचता ‘मान्य आहे’ म्हटलेल्या अटींत लिहिलेलं असतं.

हे नुसतं कागदावरचं भय नाही. २०२२ च्या ऑगस्टअखेर सोनीच्या प्लेस्टेशन दुकानातून जर्मनी आणि ऑस्ट्रियातल्या ग्राहकांनी विकत घेतलेले स्टुडिओकॅनाल या फ्रेंच कंपनीचे सिनेमे काढून घेतले गेले. एकट्या जर्मनीत ते ३१४ होते. २०२३ च्या डिसेंबरात त्याच दुकानाने डिस्कव्हरीच्या विकत घेतलेल्या मालिकाही जाणार असं जाहीर केलं. ओरड झाली, नवा करार झाला आणि तो निर्णय मागे घेतला गेला. अल्ट्राव्हायोलेट नावाचं अमेरिकी डिजिटल कपाट, ज्यात लोकांनी शेकडो सिनेमे साठवले होते, ३१ जुलै २०१९ ला बंद पडलं. मायक्रोसॉफ्टने जुलै २०२५ मध्ये सिनेमे विकणं थांबवलं. आधी घेतलेले बघता येतात, नवे घेता येत नाहीत. कॅलिफोर्निया राज्याने तर कायदाच केला. १ जानेवारी २०२५ पासून तिथल्या दुकानांना, ग्राहकाला फक्त परवाना मिळतो आहे हे स्पष्ट सांगितल्याशिवाय ‘बाय’ हा शब्द वापरता येत नाही.

तरी उगाच घाबरवण्यात अर्थ नाही. मोठ्या दुकानांत सिनेमा विक्रीतून निघाला तरी आधीच्या ग्राहकांना तो बहुतेकदा बघता येतो. विकत घेतलेलं गायब होणं हा अपवाद आहे, नियम नव्हे. गोव्यातल्या घरांना जास्त छळतो तो दुसराच प्रकार, देश बदलण्याचा. सिनेमाचे हक्क देशागणिक विकले जातात, म्हणून दुकानाचं कपाटही देशागणिक वेगळं. अ‍ॅपलच्या अकाउंटचा देश भारतावरून पोर्तुगाल किंवा ब्रिटन केला की भारतीय दुकानातून घेतलेला सिनेमा पुन्हा डाउनलोड होईलच असं नाही. गूगल प्लेचा देश वर्षातून एकदाच बदलता येतो, त्यामुळे चुकून बदलला तर परत यायला वर्ष थांबावं लागतं. परदेशी जाताना सोपा उपाय असा की भारतातलं अकाउंट तसंच ठेवावं, तिकडे नवं उघडावं, आणि जुन्यातले सिनेमे निघण्यापूर्वी डाउनलोड करून घ्यावेत.

डाउनलोडलाही मर्यादा आहेत. उतरलेली फाइल कुलूपबंद असते आणि त्या ॲपमध्येच उघडते. पेनड्राइव्हवर टाकून टीव्हीला लावली तर टीव्हीला ती ओळखीचीही वाटत नाही. अ‍ॅपलचा सिनेमा संगणकावर उतरवता येतो, पण १०८०पी (फुल एचडी) पर्यंतच. ४के, म्हणजे त्याच्या चौपट ठिपक्यांचं चित्र, फक्त इंटरनेटवरून. यूट्यूबवर घेतलेला सिनेमा फोन-टॅबच्या ॲपमध्ये उतरतो. पावसाळ्यात झाडाची फांदी तारेवर पडून वीज आणि फायबर एकदमच जातं, त्या रात्रीसाठी एवढं पुरेसं आहे. मालकी म्हणून मात्र हे धरू नका.

मग ‘बाय’ दाबायचं कधी? खरेदीच्या किमतीला भाड्याने भागून बघा. खरेदी ४९० आणि भाडं १२० असेल तर उत्तर चाराच्या किंचित वर. वेगवेगळ्या पाच वेळी तो सिनेमा लावणार असाल तरच खरेदी परवडली. भाड्याचा सिनेमा बहुतेक दुकानांत ३० दिवसांत सुरू करावा लागतो आणि एकदा सुरू केला की ४८ तासांत संपवावा लागतो. म्हणून शुक्रवारी रात्री लावून रविवारपर्यंत घरातल्या सगळ्यांनी बघणं हा शहाणा हिशेब. प्रौढ माणूस एखादा सिनेमा पाच वेळा पैसे देऊन बघतो असं फारसं होत नाही. मुलांचे सिनेमे याला अपवाद, ते चाळीस वेळा लागतात. आमच्या मते डिजिटल खरेदी शोभते ती तिथेच.

आणखी एक गोष्ट, जिचा विचार कोणी करत नाही. डिस्कचं कपाट वारसांना जातं. अकाउंट जात नाही. अ‍ॅपलमध्ये मृत्यूनंतर आपला डेटा बघण्यासाठी एखाद्याचं नाव नोंदवून ठेवता येतं, पण त्या माणसाला फोटो, चिठ्ठ्या, फाइली मिळतात. विकत घेतलेले सिनेमे, गाणी आणि पुस्तकं त्यातून वगळलेली आहेत.

चित्र कुठे चांगलं

व्हीसीडीचं चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं, आणि एका डिस्कवर ७४ मिनिटंच मावतात, म्हणून अडीच-तीन तासांचा सिनेमा दोन-तीन डिस्कवर यायचा. डीव्हीडी ७२० बाय ५७६ पर्यंत जाते, तिच्यानंतर आलेली ब्ल्यू-रे डिस्क १९२० बाय १०८०, म्हणजे डीव्हीडीच्या पाचपट ठिपके, आणि ४के ब्ल्यू-रे त्याच्याही चौपट.

पण ठिपके मोजून फसू नका. खरा फरक दर सेकंदाला किती माहिती येते यात आहे. स्ट्रीमिंगच्या १०८०पी चित्राला साधारण ५ ते ८ मेगाबिट मिळतात. ब्ल्यू-रेला २० ते ३५. ४के स्ट्रीमिंग १५ ते २५ वर भागतं, ४के डिस्क ५० च्या वर सहज जाते आणि तिची कमाल मर्यादा १२८ आहे. हा फरक उन्हातल्या प्रसंगात कळत नाही. अंधाऱ्या खोलीत, धुक्यात, पावसाच्या दृश्यात काळ्या भागावर चौकटी-चौकटी दिसू लागतात, तिथे कळतो. आवाजातही तेच: डिस्कवर मूळ ध्वनिमुद्रण काहीही न गाळता येऊ शकतं, स्ट्रीमिंगवर ते दाबून बसवलेलं असतं. टीव्हीच्याच स्पीकरवर ऐकणाऱ्याला यातलं काही जाणवणार नाही, त्याने त्यासाठी पैसे घालू नयेत. आणि ३२ इंची टीव्हीवर बारा फुटांवरून बघत असाल तर डीव्हीडी आणि ब्ल्यू-रेतला फरकही शोधावा लागेल.

डेटाचा हिशेबही करून ठेवा. २५ मेगाबिटने अडीच तासांचा सिनेमा म्हणजे सुमारे २८ जीबी. घरच्या फायबरवर काही वाटत नाही. मोबाईलच्या हॉटस्पॉटवर दिवसाचा कोटा मध्यंतरापूर्वीच संपतो.

आखातातल्या डिस्क आणि रिजनचं गणित

डीव्हीडीसाठी जगाचे भाग पाडले आहेत. भारत ५ मध्ये येतो. आखात, ब्रिटन, पोर्तुगाल हे सगळे २ मध्ये. अमेरिका १. म्हणून दुबईत घेतलेली डीव्हीडी इथल्या प्लेअरला चालत नाही. डिस्कच्या पाठीवर छोट्या पृथ्वीगोलात आकडा छापलेला असतो, तो आधी वाचायचा. ‘ऑल’ किंवा ० असेल तर कुठेही चालते. हिंदी सिनेमांच्या बऱ्याच डीव्हीडी तशाच असतात. स्वस्तातले अनेक प्लेअर मुळातच सगळे रिजन घेतात किंवा रिमोटवरच्या एका गुप्त क्रमाने मोकळे होतात. संगणकाच्या डीव्हीडी ड्राइव्हला मात्र रिजन फक्त पाच वेळा बदलता येतो. पाचव्या वेळी जो असेल त्यावर तो कायमचा अडकतो. भावाची डिस्क ‘लावून तर बघू’ म्हणत ती पाच वेळा वाया घालवलेले ड्राइव्ह कमी नाहीत.

ब्ल्यू-रेची वाटणी वेगळी: अमेरिका ए, युरोप आणि आखात बी, भारत सी. ४के ब्ल्यू-रेवर रिजनच नाही, ती कुठूनही आणा. फक्त तिच्या डब्यात सोबत येणारी साधी ब्ल्यू-रे बी किंवा ए असू शकते, आणि डिजिटल कोडची चिठ्ठी असेल तर ती तिकडच्याच अकाउंटवर चालते.

दमट हवेत डिस्क कशी जगवायची

डिस्क चांदीसारखी चमकते ती आतल्या अल्युमिनियमच्या पातळ थरामुळे. त्या थरापर्यंत हवा आणि ओल पोचली की तो गंजतो आणि लेझरला परत फिरवायला आरसाच उरत नाही. गोव्यात जून ते सप्टेंबर हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते, किनाऱ्याजवळ वर मिठाचा खारा वारा. कौलारू घराच्या माळ्यावर तर उन्हाळ्यात भट्टी आणि पावसात ओल, म्हणजे डिस्कसाठी याहून वाईट जागा नाही.

थर कुठे आहे हे माहीत असलं की जपायचं कसं ते आपोआप कळतं. सीडी आणि व्हीसीडीत तो छापील बाजूच्या लगेच खाली, लाखेच्या एका पातळ लेपाआड असतो. म्हणून व्हीसीडीच्या नावाच्या बाजूला पडलेला ओरखडा खालच्या बाजूच्या ओरखड्यापेक्षा जास्त घातक, आणि त्यावर बॉलपेनने लिहिणं म्हणजे स्वतःच्या हाताने भोक पाडणं. डीव्हीडीत थर मध्यभागी, ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्यांमध्ये डिंकाने चिकटवलेला. डीव्हीडी डब्यातून ओढून काढताना ती कमानीसारखी वाकते आणि कडेला डिंक सुटायला लागतो. म्हणून आधी मधला खटका दाबा, मग उचला. काही वेळा दोष कारखान्यातलाच असतो. २००६ ते २००८ च्या दरम्यान बनलेल्या वॉर्नरच्या काही डीव्हीडी कपाटात नुसत्या ठेवूनही खराब झाल्या आणि कंपनीने २०२५ मध्ये ते मान्य केलं. ब्ल्यू-रेत थर खालच्या पृष्ठभागापासून फक्त ०.१ मिलिमीटरवर, वर कडक लेप. तिच्यावर ओरखडा सहसा पडत नाही, पण पडला तर दुरुस्ती नाही. टूथपेस्टने घासून ओरखडा घालवायची जुनी युक्ती डीव्हीडीवर कधी कधी चालते, कारण घासायला प्लास्टिक भरपूर असतं. ब्ल्यू-रेवर ती करू नका.

ठेवायची पद्धत अशी. डिस्क डब्यात, डबे पुस्तकांसारखे उभे. आडवे एकावर एक रचले तर वर्षांनी डिस्क वाकते. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकलेलं नको, कारण पाऊस त्याच भिंतीतून पाझरतो. पावसाळ्याआधी, मे महिन्यातच, लाडक्या डिस्क रबरी कड असलेल्या घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या पेटीत भरा. वीस लिटरच्या पेटीला साधारण १०० ग्रॅम सिलिका जेल पुरतं. रंग बदलणारे दाणे घ्या, म्हणजे कधी ओलावले ते दिसतं. ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दीड-दोन तास ठेवले की पुन्हा कामाला येतात. निळे दाणे मात्र स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये नकोत, त्यांत कोबाल्टचं क्षार असतं. पेटीत छोटा आर्द्रतामापक टाका आणि काटा ४०-५० टक्क्यांवर असू द्या. झुरळांसाठी डांबरगोळ्या ठेवायचा मोह होईल. तो टाळा, त्यांच्या वाफेने सीडीच्या जुन्या कडक पेट्यांचं प्लास्टिक खराब होतं.

बुरशी आली तर घाबरायचं नाही. बहुतेक वेळा ती वरवरची असते. (आतला थर खाणारी बुरशीही आहे. मध्य अमेरिकेतल्या बेलीझमध्ये, आपल्यासारख्याच उष्ण दमट हवेत, ती सीडीवर सापडल्याची बातमी २००१ मध्ये गाजली होती.) कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब, मऊ सुती कापड किंवा चष्मा पुसायचं फडकं, आणि पुसायचं ते भोकापासून कडेकडे सरळ रेषेत. गोल गोल पुसू नका. माहिती गोल वाटेवर लिहिलेली असते, त्यामुळे आडवा ओरखडा ती वाट एका जागी तोडतो आणि प्लेअर तेवढं भरून काढतो; गोल ओरखडा वाटेवरूनच लांबवर जातो आणि तेवढा पट्टा वाचता येत नाही. पुसल्यावर सावलीत वाळवा.

मध्येच अडकते तेव्हा

डीव्हीडी नेमकी अर्ध्या सिनेमाच्या आसपास थबकत असेल तर त्यामागे कारण आहे. डिस्क आतून बाहेर वाचली जाते. दोन थरांच्या ८.५ जीबी डीव्हीडीत लेझर पहिला थर वाचत कडेपर्यंत जातो आणि दुसऱ्यावर उडी मारून परत आत येतो. सिनेमाचा मधला भाग अशा प्रकारे नेमका बाहेरच्या कडेला येतो, जिथे बोटांचे ठसे जास्त आणि डिंक सुटायला सुरुवातही तिथेच. कडेचा एक सेंटिमीटर पुन्हा पुसा. मग डिस्क ट्यूबलाइटसमोर धरा. सुईच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके, कडेला ढगाळ पट्टा किंवा तपकिरी छटा दिसली तर आतला थर गेला आहे, पुसून उपयोग नाही.

सगळ्याच डिस्क अडकत असतील तर दोष प्लेअरचा. भिंगावर धूळ आणि बुरशी साचते. झाकण काढून, कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंब लावून हलक्या हाताने पुसलं की अर्धे प्लेअर उठतात. तारेची पिन आधी काढा. डीव्हीडी चालतात पण ब्ल्यू-रे घेत नाही, असं झालं तर निळा-जांभळा लेझर थकला. तो वेगळा असतो. फक्त नवी ब्ल्यू-रे चालत नसेल तर आधी प्लेअरचं सॉफ्टवेअर अपडेट करून बघा, नव्या डिस्कवरच्या कुलपाच्या किल्ल्या जुन्या प्लेअरकडे नसतात. ट्रे घरघर करतो पण उघडत नाही, तर आतला रबरी पट्टा दमट हवेने सैल पडला आहे. काही रुपयांचं काम. एसीच्या खोलीतून प्लेअर बाहेर आणला तर तासभर तसाच राहू द्या, भिंगावर दव धरतं.

प्लेअर मिळणं हाच पुढचा प्रश्न. ओप्पोने २०१८ मध्ये, सॅमसंगने २०१९ मध्ये आणि एलजीने २०२४ मध्ये ब्ल्यू-रे प्लेअर थांबवले. सोनीने २०२५ मध्ये कोऱ्या, लिहायच्या ब्ल्यू-रे बनवणं बंद केलं. सिनेमाच्या डिस्क बंद झाल्याची अफवा त्यातूनच निघाली. डिस्कची खाच असलेला प्लेस्टेशन ५ किंवा एक्सबॉक्स सिरीज एक्स घरात असेल तर ४के डिस्कचा प्लेअर आधीच आहे असं समजा. नव्या संगणकावर ४के डिस्क लावायचा नाद सोडा. तिला लागणारी सुरक्षेची सोय इंटेलने घरगुती संगणकांच्या नव्या चिप्समधून काढून टाकली आहे.

आधी कशाला हात लावायचा

इंग्रजी आणि मोठे हिंदी सिनेमे कुठे ना कुठे मिळत राहतील. घाई आहे ती मडगाव-म्हापशाच्या दुकानांतून घेतलेल्या तियात्रांच्या (गोव्यातल्या कोकणी नाटकांच्या) व्हीसीडींची आणि जुन्या मराठी नाटक-सिनेमांची. यातलं बरंच कुठल्याच डिजिटल दुकानात आलेलं नाही. त्याहून घाई घरच्या लग्नाच्या आणि मुंजीच्या डीव्हीडींची. फोटोग्राफरने दिलेली ती डिस्क छापलेली नसते, जाळून लिहिलेली असते. खालची बाजू जांभळट किंवा निळसर दिसते ती रंगद्रव्यामुळे, आणि ते ऊन-उष्णतेने विटतं. बाजारात जुनी डीव्हीडी घेतानाही हीच खूण: अस्सल कंपनीची असेल तर खालून चंदेरी किंवा सोनेरी, जांभळी असेल तर नक्कल.

सिनेमाच्या डीव्हीडी-ब्ल्यू-रेवर कुलूप असतं, आणि हक्कभंगाच्या हेतूने ते तोडणं २०१२ च्या दुरुस्तीपासून कॉपीराइट कायद्याच्या कलम ६५अ खाली गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैदेचा. व्हीसीडीवर कुलूप नसतं. संगणकात ती उघडा, ‘एमपीईजीएव्ही’ नावाच्या फोल्डरमधली सर्वांत मोठी ‘डीएटी’ फाइल हार्ड डिस्कवर ओढा, व्हीएलसी या मोफत व्हिडिओ प्लेअरमध्ये ती तशीच चालते. एका डिस्कला साधारण ७०० ते ८०० एमबी लागतात, पंधरा मिनिटांचं काम. मध्ये वाचता येत नाही असं आलं तर डिस्क पुसून दुसऱ्या ड्राइव्हमध्ये लावून बघा. जुने, संथ ड्राइव्ह खराब डिस्क अनेकदा जास्त नेटाने वाचतात. लग्नाची डीव्हीडी असेल तर ‘व्हिडिओ_टीएस’ हे आख्खं फोल्डर उचला, त्यातली एकेक फाइल नव्हे. प्रती दोन करा, दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर, त्यातली एक दुसऱ्या घरी, आणि वर्षातून एकदा, पाऊस संपल्यावर, दोन्ही जोडून दोन-चार फाइली मधूनच चालवून बघा.